उष्माघाताबद्दल सांगायला निघालीस, तर

पहिलाच उन्हाळा आहे तुझा या कामातला, म्हणून सांगते. सभागृहात भाषण ठेवू नकोस. ज्यांना ऊन बाधतं ते तिथे येत नाहीत. उन्हाळ कांद्याची काढणी सुरू असते तेव्हा निफाड-चांदवडकडच्या शेतांवर सकाळी लवकर पोच. शहरात सातपूर-अंबडचे कामगार गाठ, पंचवटीतले फेरीवाले गाठ. "नाशिकची हवा थंड" हे जागोजागी ऐकशील. वाद घालू नकोस. पारा इथेही चाळिशी गाठतो, एवढंच सांग.

कुणी खिशातला कांदा काढून दाखवेल. हसू नकोस. "कांदा असू द्या, सोबत पाण्याची बाटलीही ठेवा" म्हण. कांदा काढणाऱ्या बायका मात्र मुद्दाम पाणी कमी पितात, कारण शेतात आडोसा नसतो. त्यांना पाण्याचे फायदे सांगून काय उपयोग? आधी शेतमालकाशी आडोशाबद्दल बोल. माझ्या मते हे पत्रकं वाटण्यापेक्षा मोठं काम आहे.

एक मात्र घोकून घे. उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर "प्यायलाय" म्हणून सोडायचं नाही. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. घाम येत असला तरी होतो, हेही लोकांना सांग. एकाने १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं.