‘वायूचे कार्य’ की ‘वायूने केलेले कार्य’?

नाशिकला कॉलेज रोडवर बारावीचे भौतिकशास्त्र मराठीतून समजावून सांगणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, प्रसरण पावणाऱ्या वायूच्या उदाहरणांत ‘वायूचे कार्य’ असे लिहावे का. कारण मुलांचा आकडा बरोबर येतो, पण चिन्ह चुकते.

माझ्या मते घोटाळा ‘चे’ या प्रत्ययात आहे. ‘हृदयाचे कार्य’ म्हणजे हृदयाकडे सोपवलेले काम. त्याच धर्तीवर ‘वायूचे कार्य’ वाचले, तर कार्य कोणी केले आणि कोणावर केले, याचा उलगडा होत नाही. ‘वायूने केलेले’ किंवा ‘वायूवर केलेले’ असे स्पष्ट लिहिले, की ‘ने’ हा प्रत्यय आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्ययच चिन्ह ठरवून देतात. वायूची आंतरिक ऊर्जा, म्हणजे त्याच्या कणांपाशी असलेली एकूण ऊर्जा, किती बदलली हे काढताना भौतिकशास्त्रात बहुधा पहिले कार्य धन मानून ते दिलेल्या उष्णतेतून वजा करतात, तर रसायनशास्त्रात दुसरे धन मानून उष्णतेत मिळवतात. आणि बारावीच्या विद्यार्थ्यापुढे ही दोन्ही पुस्तके एकाच वर्षी असतात.

समजा, दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यातील हेलिअम १ लाख पास्कल इतक्या स्थिर दाबाखाली २ लीटरवरून ५ लीटरपर्यंत प्रसरण पावला. आकारमान ०.००३ घनमीटरने वाढले, म्हणून वायूने ३०० ज्यूल कार्य केले. यासाठी त्याला ७५० ज्यूल उष्णता द्यावी लागते, आणि कार्य वजा जाता उरलेले ४५० ज्यूल आंतरिक ऊर्जेत जमा होतात.

‘वायूतील उष्णता’ हा प्रयोगही टाळावा. पावसाळ्यात गंगापूर धरणाची आवक, विसर्ग आणि साठा यांत आपण कधी गल्लत करत नाही. वरील उदाहरणात उष्णता ही आवक, वायूने केलेले कार्य हा विसर्ग आणि आंतरिक ऊर्जा हा साठा आहे. वायूत असतो तो साठा, उष्णता नव्हे.

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या चार-पाच वेळा जोरात रेटला, की नळी हाताला गरम लागते. येथे ‘वायूला उष्णता दिली’ असे लिहिणे चूक ठरेल, कारण त्याला कोणी विस्तव दाखवलेला नाही. आपल्या हाताने वायूवर कार्य केले आणि वायू तापला. ‘तापला’ हे अकर्मक क्रियापद येथे चपखल बसते, कारण ते तापमान वाढल्याचे तेवढे सांगते. ते उष्णतेने वाढले की कार्याने, याविषयी काहीच गृहीत धरत नाही.