‘सर्किट जज्ज’ फिरतीवर असतो का?

विचारणा अशी: अमेरिकेतले नामांकित न्यायाधीश लर्नेड हँड यांच्यावरच्या लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात ‘सर्किट जज्ज’ला ‘फिरते न्यायाधीश’ म्हणावं का? कोल्हापूरच्या सर्किट बेंचला तसं म्हणतात ना? शिवाय १९५१ मध्ये ते ‘सिनियर’ झाले असं मूळ लेखात आहे, ती बढती समजायची का?

‘फिरते’ नको. आणि बढती तर मुळीच नाही, उलट ती जवळजवळ निवृत्ती आहे.

आधी ‘सर्किट’. आपल्याकडे कलेक्टर, मामलेदार ‘फिरतीवर’ जातात, तीच कल्पना या शब्दाच्या मुळाशी होती. १७८९ च्या कायद्याने अमेरिकेत तीन सर्किटं आखली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच घोड्यावरून, गाडीतून गावोगाव जाऊन तिथली सर्किट न्यायालयं चालवायला लावलं. त्या काळाबद्दल लिहीत असाल तर ‘फिरती’ हा शब्द चपखल आहे, खुशाल वापरा. १८६९ मध्ये सर्किटांसाठी नऊ वेगळे न्यायाधीश नेमले गेले, १८९१ मध्ये स्वतंत्र अपील न्यायालयं आली आणि १ जानेवारी १९१२ पासून जुनी सर्किट न्यायालयं बंदच झाली. फिरती संपली, नाव तेवढं उरलं. हँड १९२४ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयावर आले, तेव्हा ‘सर्किट’चा अर्थ नकाशावरचा एक तुकडा एवढाच होता: न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट ही तीन राज्यं. मराठीत याला ‘परिमंडळ’ हा शब्द तयार आहे. पोलिसांच्या आणि महावितरणच्या परिमंडळांमुळे तो वाचकाच्या कानावरूनही गेलेला असतो. पहिल्या उल्लेखात ‘दुसरं सर्किट, म्हणजे अपिलांचं परिमंडळ’ असा खुलासा करा आणि पुढे नुसतं ‘सर्किट’ ठेवा.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं ते मुंबई उच्च न्यायालयाचंच पीठ. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने ते तिथे बसवलं. न्यायालय एकच, बसण्याची जागा वेगळी. म्हणून तिथे ‘फिरतं पीठ’ म्हणण्यात अर्थ आहे. अमेरिकेतलं प्रत्येक सर्किट मात्र स्वतंत्र न्यायालय असतं. अशी तेरा आहेत: अकरा क्रमांकाची, एक राजधानीचं आणि एक पेटंटसारख्या ठरावीक विषयांचं. एकाच कायद्याचा अर्थ दोन सर्किटं दोन तऱ्हांनी लावू शकतात, आणि ते भांडण सर्वोच्च न्यायालयात जाईपर्यंत दोन्ही अर्थ आपापल्या हद्दीत चालतात. (कुणाला ‘सर्किट’ म्हटलं की डोकं फिरलेला, हा आपल्या बोलीतला अर्थ इथे कामाचा नाही, पण शीर्षकात नुसतं ‘सर्किट न्यायाधीश’ छापण्याआधी तो आठवावा.)

सगळ्यात मोठा खड्डा ‘सिनियर’ या शब्दात आहे. हँड यांच्या चरित्रात हा शब्द दोनदा येतो आणि दोन्हीकडे अर्थ निराळा. १९३९ पासून ते ‘सिनियर सर्किट जज्ज’ होते. तेव्हा हे न्यायालयाच्या प्रमुखाचं पदनाम होतं. १९४८ मध्ये कायद्याने ते नाव बदलून ‘चीफ जज्ज’ केलं. काम तेच, पाटी नवी. पुढे १ जून १९५१ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांनी घेतला तो ‘सिनियर’ दर्जा. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ पद राखून नियमित कामातून निवृत्त होणं. जागा रिकामी होते, राष्ट्राध्यक्ष तिथे नवा माणूस नेमतात, पण जुना न्यायाधीश हवी तेवढी प्रकरणं ऐकत राहतो. आजचा हिशेब वय आणि सेवा मिळून ८० असा आहे: ६५ वय असेल तर १५ वर्षं सेवा, ७० असेल तर १० पुरेत. हँड १८ ऑगस्ट १९६१ ला वारले, तोवर ते न्यायाधीशच होते. तेव्हा ‘ज्येष्ठ न्यायाधीशपदी बढती’ हे सरळ चूक आणि ‘१९५१ मध्ये निवृत्त’ हे अर्धंच बरोबर. ‘नियमित कामातून मोकळे झाले, पद कायम राहिलं’ असं लांबीची पर्वा न करता लिहा.

‘चीफ जज्ज’ला ‘सरन्यायाधीश’ म्हणू नका. तो शब्द आपण देशाच्या सर्वोच्च न्यायालयासाठी राखला आहे. ‘मुख्य न्यायाधीश’ ठीक. हे पद राष्ट्राध्यक्ष वाटत नाहीत, ते ज्येष्ठतेने येतं आणि आजच्या नियमाने ६५ च्या आतल्यालाच मिळतं. १९४८ मध्ये ७६ वर्षांच्या हँडना ते आज मिळालंच नसतं. ‘न्यायमूर्ती’ही टाळावं असं माझं मत. दर्जा आपल्या उच्च न्यायालयाच्या जवळपासचा असला, तरी अमेरिकन लोक स्वतः ‘जस्टिस’ आणि ‘जज्ज’ यांत फरक पाळतात आणि पहिला शब्द संघीय (म्हणजे राज्यांच्या नव्हे, देशाच्या) न्यायव्यवस्थेत सर्वोच्च न्यायालयापुरता ठेवतात. आपल्या वर्तमानपत्री ‘न्या.’मध्ये दोन्ही खपून जातात, तेव्हा संक्षेप सुरक्षित.

आणखी एक फसगत १९१३ च्या परिच्छेदात होईल. त्या वर्षी हँड ‘न्यूयॉर्क कोर्ट ऑफ अपील्स’च्या प्रमुखपदाची निवडणूक लढले आणि हरले. नाव वाचून हे १९२४ चंच न्यायालय वाटतं. पण ते न्यूयॉर्क राज्याचं सर्वोच्च न्यायालय आहे, आणि त्याच राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतात ते मुळात खटला चालवणाऱ्या न्यायालयाला! तिथे ‘न्यूयॉर्क राज्याचं शिखर न्यायालय’ असं फोड करून लिहा. १९२४ चं न्यायालय संघीय, आणि संघीय न्यायाधीश निवडून येत नाहीत. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि वर्तन चांगलं असेतो नेमणूक टिकते.

निकालांची भाषा सोपी आहे: कायम केला, फिरवला, खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. फक्त तीन न्यायाधीशांच्या पीठाला ‘पूर्णपीठ’ लिहू नका. आपल्याकडे तीन जण बसले की पूर्णपीठ होतं, तिकडे तीन हे रोजचं साधं पीठ.

नावाचंही सांभाळा. ‘लर्नेड’ हे विशेषण नाही, त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव आहे. त्यामुळे ‘विद्वान न्यायाधीश हँड’ असं उतरवलंत तर त्यांचं नावच खाल्लं जाईल. नुसतं ‘न्या. हँड’ही पुरत नाही: १९२७ पासून त्यांचे चुलतभाऊ ऑगस्टस हँड त्याच न्यायालयात होते, आणि निकालपत्रांतही ‘एल. हँड’ आणि ‘ए. एन. हँड’ असंच छापावं लागे.