काडतूस घरी भरायचं की लॉट पारखायचा?

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा ५० मीटर रायफल प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) खेळतो. काडतुसांचा खर्च झेपेनासा झालाय. अमेरिकेतले नेमबाज वापरलेल्या केसेस (काडतुसांची धातूची कवचं) घरी पुन्हा भरतात, त्यानं नेमही सुधारतो, असं त्यानं पाहिलंय. आपल्याकडे हे करता येईल का? – एक पालक, सातारा

उत्तर : नाही, आणि मुलाला यावर प्रयोग अजिबात करू देऊ नका. तिकडे घरी भरतात ती सेंटरफायर काडतुसं. त्यांच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, असतो. तो काढून नवा बसवता येतो. तुमच्या मुलाचं .२२ रिमफायर आहे. त्यात पेट घेणारं मिश्रण केसच्या दुमडलेल्या काठात भरलेलं असतं आणि फायरिंग पिन तो काठच चेचते. उडालेली केस हातात घेऊन बघा, काठावर खोल ओरखडा दिसेल. ती केस तिथंच संपली. शिवाय शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

आता नेम सुधारण्याचं बोलू, कारण तिथं तुमच्या हातात खूप काही आहे. लॉट म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं. डब्याच्या झाकणावर लॉट नंबर छापलेला असतो. कंपनी तीच, डबा तोच, पण लॉट बदलला की तीच रायफल वेगळी वागते. एका राज्य स्पर्धेला मी सरावाचा लॉट संपला म्हणून त्याच रंगाचे दुसरे डबे नेले. पहिल्या दहा शॉट्समध्ये चारांना दहाऐवजी नऊच गुण, आणि ते सगळे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या रेषेवर, म्हणजे थेट वर किंवा खाली. मी श्वासाला दोष देत राहिले. श्वास ठीक होता.

उभा पसरलेला ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बहुतेकदा वेग कमीजास्त असल्याची खूण असते. ही गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं निघते आणि ५० मीटरवर जाईपर्यंत बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला, तर त्या सात-आठ मिलिमीटर वरखाली लागतात. दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे मुलानं काही चूक न करताही गुण जातात.

त्यामुळे चार-पाच लॉटचे दोन-दोन डबे घ्या. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना रेंजवर जा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, खांद्याच्या भरवशावर नको. लॉट बदलला की पहिले पंधरा शॉट मोजू नका, कारण आधीच्या गोळ्यांच्या ग्रीसचा थर नळीत असतो आणि नवा थर बसायला तेवढे लागतात. मग दहा-दहाचे चार ग्रुप. पाच शॉट्सचा एक सुंदर ग्रुप पाहून हुरळू नका, असा ग्रुप वाईट लॉटही देतो. व्हर्नियर मापकानं सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून गोळीच्या जाडीचे ५.६ मिलिमीटर वजा करा. शेवटी पहिला लॉट पुन्हा एकदा मारा. त्याचा आकडा बदलला, तर वाऱ्यानं किंवा तापलेल्या नळीनं तुम्हाला फसवलंय.

जर्मनीत शोनेबेकला लापुआ कंपनी खेळाडूंची रायफल क्लॅम्पमध्ये पकडून हेच करते. तिथं जाणं तुम्हाला परवडणार नाही, पण पिशव्या आणि कागदाचं टार्गेट परवडतं. काडतुसांचं वजन करणं, काठाची जाडी मोजणं याच्या मागे लागू नका. मी दोन हंगाम ते केलं, लॉट पारखण्याच्या जवळपासही त्याचा उपयोग झाला नाही.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेतेपद मिळवलं. साठ शॉट्समध्ये फक्त तीन गुण गेले. त्या पातळीवर एक भरकटलेली गोळीही महागात पडते.

आणि हो, चांगला ठरलेला लॉट त्याच आठवड्यात, परवान्यावर बसेल तेवढा घ्या. त्यातला निम्मा स्पर्धेसाठी बाजूला ठेवा. सरावाला साधा लॉट चालतो, तुमचा खर्च वाचेल तो इथंच.