अँटिबॉडीवर काम केलं तर पुढे काय?

प्रश्न : मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिस्टेरिया या अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूवरच्या अँटिबॉडी (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिनं) तपासण्याचा प्रकल्प मिळालाय. मैत्रिणी म्हणतात, आता सगळं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणं) आणि सिक्वेन्सिंगवर (डीएनएचा क्रम वाचणं) चालतं. हे जुनं तंत्र शिकून नोकरी मिळणार नाही. विषय बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. पीसीआरमध्ये डीएनए सापडतो, मेलेल्या जिवाणूचासुद्धा. प्रथिन तयार झालं का, ते कुठे बसलंय, हे त्यातून कळत नाही. लिस्टेरियाचं ॲक्टए प्रथिन त्याच्या एका टोकाकडे गोळा होतं आणि त्याच बाजूला आपल्या पेशीतल्या ॲक्टिन या प्रथिनाची शेपटी तयार होऊन जिवाणू पुढे ढकलला जातो. हे बघायला अँटिबॉडी कामी येते.

मात्र ‘एलायझा, वेस्टर्न ब्लॉट येतं’ (दोन्ही अँटिबॉडी वापरून करायच्या चाचण्या) एवढ्यावर भागणार नाही. ते सगळ्यांच्याच बायोडेटात असतं. अँटिबॉडी कधी फसवते हे ज्याला ओळखता येतं, त्याला मागणी असते. रोगकारक लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस आणि सहसा निरुपद्रवी असलेला लिस्टेरिया इनोक्युआ इतके सारखे आहेत, की पुष्कळ अँटिबॉडी दोघांनाही चिकटतात. त्यामुळे इनोक्युआ कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) म्हणून हवाच. लिस्टेरिओलायसिन ओ या रोगकारक लिस्टेरियाच्या विषारी प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी असेल, तर ते जनुक काढून टाकलेला स्ट्रेनही (जिवाणूचा वाण) लावून बघ. त्यातही त्याच जागी बँड (ब्लॉटवरची पट्टी) उमटला, तर कुपीवर काहीही छापलेलं असो, त्या बँडवर विसंबू नकोस. नमुन्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दुसरा जिवाणू असेल तर आणखी गंमत. त्याचं प्रोटीन ए बऱ्याच अँटिबॉडींना मागच्या बाजूनेच धरून ठेवतं, मग ती कशाविरुद्धची आहे याला काही अर्थच उरत नाही. असा एखादा खोटा पॉझिटिव्ह तू कसा पकडलास, हे मुलाखतीत सांगता आलं पाहिजे.

तंत्र जुनं हे खरं, हायब्रिडोमा (एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार करणं) १९७५चा. पण पॉलिक्लोनलचा (प्राण्याच्या रक्तातून मिळणाऱ्या मिश्र अँटिबॉडींचा) लॉट बदलला की निकाल बदलू शकतो, म्हणून आता सिक्वेन्स माहीत असलेल्या रिकॉम्बिनंट (जनुक पेशीत घालून बनवलेल्या) अँटिबॉडीकडे ओढा आहे. तेव्हा थोडं क्लोनिंग शीक. तपासणी किट बनवणाऱ्या कंपन्या, पीएचडी, दोन्हीकडे उपयोग होईल. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं मानक) वाचून ठेव. तिथे नोंदी ठेवण्याची शिस्त आधी बघतात.

आता गाइडना भेट आणि कंट्रोलचे स्ट्रेन आहेत का ते विचार. नसतील आणि मागवायची तयारीही नसेल, तर मात्र विषय बदल.