बर्फात गाडीतलं ईएसपी, ट्रॅक्शन कंट्रोल, हिल डिसेंट कधी चालू ठेवायचं आणि कधी बंद?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत फ्रंट व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घेऊन मनालीहून अटल टनेलमार्गे लाहौलमधल्या सिस्सूला जायचंय, गाडीत सगळी इलेक्ट्रॉनिक मदत आहे, तर बर्फात कुठलं बटण कधी दाबायचं.

बटणांच्या आधी टायरचं बघा. या सगळ्या यंत्रणा टायरला जेवढी पकड मिळते तेवढीच चार चाकांत वाटून देतात, नवी पकड निर्माण करत नाहीत. आपल्याकडच्या साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. कोरड्या डांबरावर ताशी ४० किमीवरून गाडी ८ मीटरच्या आसपास थांबते, दाबलेल्या बर्फावर ३० मीटर लागतात आणि काचेसारख्या बर्फावर ६० मीटरच्या पुढे. हे आकडे ब्रेक दाबल्यानंतरचे, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) धरून. तिथे ताशी २० किमी हासुद्धा वेगच आहे.

ईएसपी गाडी चालत असताना कधीही बंद करू नका. मागची बाजू सरकायला लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं, आणि हे काम कुठल्याच ड्रायव्हरला पायाने जमत नाही. बंद करायची वेळ एकच: गाडी बर्फात रुतल्यावर. चाक फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापतं, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी जागची हलत नाही. तेव्हा चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढा, स्टिअरिंग सरळ करा, ईएसपी-ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण दाबा (बऱ्याच गाड्यांत काही सेकंद दाबून ठेवावं लागतं), दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडा. पुढे-मागे झुलवत काढा. चाकं गरागरा फिरवलीत तर खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि आणखी गुळगुळीत होतो. गाडी निघाली की दोन्ही लगेच पुन्हा चालू.

खरा धोका उताराचा आहे, म्हणजे परतीच्या वाटेचा. टनेलच्या दक्षिण तोंडापासून धुंडी, सोलंगकडे उतरताना दुपारी वितळलेलं पाणी ऊन गेलं की गोठतं. रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो ब्लॅक आईस असतो. हिल डिसेंट, म्हणजे उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग कमी ठेवणारी यंत्रणा, उतार सुरू होण्याआधी, चालण्याच्या वेगाला आल्यावरच लावा. पहिला गिअर, पाय क्लचवरून काढलेला. बर्फाच्या थरावर ते चांगलं काम करतं. चारही चाकं एकदम ब्लॅक आईसवर असतील तर तेही हतबल असतं. एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं, करकर आवाज येतो. घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग ठेवा. ताज्या भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे गाडी थोडी जास्त लांब जाते, कारण लॉक झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग करतं आणि फिरतं चाक तो करत नाही. तरीही स्टिअरिंग हातात राहतं, आणि घाटात तेच महत्त्वाचं.

क्रूझ कंट्रोल आणि लेन असिस्ट बंद. पट्टे बर्फाखाली असतात, आणि चाक घसरत असताना वेग राखायचं काम यंत्रावर सोडणं धोक्याचं. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा राहू द्या, पण तिच्या भरवशावर अंतर कमी करू नका. चिखलबर्फाने रडार झाकलं की ती स्वतःच बंद पडते.

बर्फ पडलेल्या दिवशी पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा टायरवर बर्फाची साखळी (चेन) लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. तुमच्या गाडीला चेन पुढच्या चाकांना लागणार. पाचशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणा. ढिली चेन आपटून एबीएसच्या सेन्सरची वायर तोडू शकते. चेन पुढेच असल्यामुळे उतारावर मागची बाजू आधी सुटते, तेव्हा वळणात ब्रेक नको, वळणाच्या आधीच वेग कमी करा. टनेलमधला रस्ता बाहेरच्या मानाने चांगला असल्यामुळे वेग नकळत वाढतो. उत्तर तोंडातून बाहेर पडताच बर्फ असू शकतो, म्हणून आतच हळू व्हा.

रात्री गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये लावा, चाकाखाली दगड द्या आणि हँडब्रेक ओढू नका. ओले पॅड गोठून डिस्कला चिकटतात. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर इंजिन बंद करताना तो आपोआप लागू नये यासाठी काय करायचं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये निघण्याआधीच पाहून ठेवा.