इस्टेट एजंट व्हायचंय, पण ओळखी नाहीत. सुरुवातीचे ग्राहक कुठून आणायचे?

तुम्ही लिहिलंय की बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात काम सुरू करायचंय, ओळखी नाहीत, आणि पोर्टलचं (घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटचं) वर्षाचं पॅकेज घ्यावं की नाही ते ठरत नाही. इथवर ठीक होतं. पण शेवटी लिहिलंत, 'तसंही एजंटला दोन-चार फ्लॅट दाखवण्यापलीकडे काम नसतं, भांडवलही लागत नाही.' ते वाचून मी उत्तर लिहायला बसले. कारण हेच वाक्य माझे मोठे दीर दरवर्षी गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकवतात. "दोन फोन करायचे, एक चावी फिरवायची आणि टक्का घ्यायचा." मी डोंबिवली पूर्वेला बरीच वर्षं भाड्याची आणि पुनर्विक्रीची कामं करते. त्या टक्क्यात काय काय येतं, ते आधी सांगते. तुमचं उत्तर त्यातच आहे.

2023 ची दिवाळी नुकतीच झाली होती. एका जुन्या सोसायटीतले रेल्वेतून निवृत्त झालेले काका माझ्याकडे आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके. गावी, चिपळूणजवळ, घर बांधून तयार होतं आणि इथला फ्लॅट विकून दोघांना तिकडे जायचं होतं. फ्लॅट चांगला होता, स्टेशनही चालत जाण्याच्या अंतरावर. तरी महिनोन्‌महिने विकला जात नव्हता. दोन सौदे टोकनपर्यंत, म्हणजे आगाऊ रकमेपर्यंत, येऊन मोडले होते, दोन्ही वेळा बँकेच्या वकिलाने कर्ज अडवलं म्हणून.

अडचण अशी. काकांनी हा फ्लॅट 1997 साली पहिल्या मालकाकडून घेतला, त्याचा करार व्यवस्थित नोंदलेला, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) हातात. पण पहिल्या मालकाने बिल्डरकडून 1988 साली जो करार केला, तो कमी किमतीच्या स्टॅम्पवर होता, आणि काकांकडे त्याची फक्त झेरॉक्स होती. 10 डिसेंबर 1985 नंतर ताबा देणाऱ्या कराराला खरेदीखतासारखीच स्टॅम्प ड्युटी (मुद्रांक शुल्क) लागू झाली. पण पुढची कितीतरी वर्षं लोक जुन्याच सवयीने थोडक्या स्टॅम्पवर करार करत राहिले. डोंबिवली, कल्याण, ठाणे, जिथे जिथे ऐंशीच्या दशकातल्या इमारती आहेत तिथे हे कागद आजही निघतात. बँकेला बिल्डरपासूनच्या सगळ्या करारांची पूर्ण साखळी लागते. एक कडी कच्ची असली की कर्ज नाही.

माझ्या आधी ज्या एजंटकडे काका गेले होते, त्याने सांगितलं होतं, "काका, दंड लाखांत जाईल. त्यापेक्षा रोखीचं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, तेहतीस लाखात आटपून टाका." बाजारभाव अडतीसचा होता. म्हणजे एका जुन्या कागदाच्या भीतीपोटी पाच लाख सोडायचे. काकूंनी तर मनाची तयारीही केली होती.

आता इथे एजंटला काय माहीत असायला हवं? जुन्या कराराची ड्युटी आजच्या भावाने लागत नाही. करार झाला त्या वेळच्या किमतीवर आणि तेव्हाच्या दराने लागते. दंड दरमहा दोन टक्के असला तरी तो कमी पडलेल्या ड्युटीच्या चौपटीच्या वर जात नाही. 1988 साली लाखाच्या आसपासच्या फ्लॅटवर ड्युटी किती निघणार? काही हजार. दंड पूर्ण धरला तरी पाच लाखांशी त्याचा काही संबंध नव्हता. मी काकांना कागदावर आकडे मांडून दाखवले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

पैशापेक्षा अवघड होतं ते मूळ कागद मिळवणं. त्याशिवाय मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रकरण पुढे सरकत नाही. पहिला मालक कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून 1997 ची हस्तांतराची फाइल काढायला लावली. ती पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत, रद्दीच्या ढिगाखाली होती. त्यात एका अर्जावर अंबरनाथचा पत्ता सापडला. गेले. मूळ मालक वारले होते. मुलाने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि थेट पन्नास हजार मागितले. त्याचं म्हणणं, कागद आमच्या वडिलांचा, तुम्हाला गरज आहे, द्या.

एजंट म्हणजे 'काम करून घ्या, पैसे फेका' असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दिवशी पन्नास हजार काकांच्या माथी मारले असते. मी त्या मुलाच्या आईशी बोलायचं आहे म्हटलं. आजी आतल्या खोलीत होत्या. त्यांना इमारतीचं नाव सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या बिऱ्हाडांची नावं स्वतःहून घेतली, तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीची चौकशी केली. कागद का राहिला तेही त्यांनीच सांगितलं. तो मालकांच्या ऑफिसच्या पतपेढीत कर्जासाठी ठेवलेला होता, सौदा झाल्यानंतर परत आला, आणि मग द्यायचं राहून गेलं. विम्याच्या पॉलिस्यांच्या पिशवीतून त्यांनी तो काढला. पतपेढीचं कर्ज फिटल्याचं पत्र त्यालाच टाचलेलं होतं. मी माझ्या हाताने पोच लिहून दिली, काकांचं आजींशी फोनवर बोलणं करून दिलं. मुलगाही मग काही बोलला नाही. पैसे कोणी मागितले नाहीत, कोणी दिले नाहीत.

तेवढ्यात डिसेंबरमध्ये राज्य सरकारची मुद्रांक शुल्क अभय योजना आली. 1980 ते 2000 या काळातल्या दस्तांची थकीत ड्युटी एक लाखाच्या आत असेल तर ड्युटी आणि दंड दोन्ही पूर्ण माफ. योजना आली नसती तरी हे काम झालंच असतं, फक्त ती ड्युटी आणि दंड भरावा लागला असता. ठाण्याच्या मुद्रांक कार्यालयात अर्ज, मूळ दस्त, झेरॉक्सचे संच, मग त्रुटी, मग पुन्हा हजेरी. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून बहुतेक वेळा मीच गेले. शेवटी दस्तावर शेरा पडला. त्याच शेऱ्यावर बँकेच्या वकिलाने होकार दिला आणि एका नोकरदार जोडप्याने अडतीस लाखांत फ्लॅट घेतला. मला दोन्ही बाजूंकडून एकेक टक्का मिळाला.

भाऊजींना हे सगळं सांगून झालंय. त्यांचं म्हणणं, "हे वकिलाचं काम, तू केलंस हा तुझा चांगुलपणा." मला ते मान्य नाही. वकील समोर ठेवलेला कागद वाचून मत देतो आणि त्याची फी घेतो. नसलेला कागद कुठल्या गावात, कुणाच्या कपाटात आहे हे शोधत तो फिरत नाही, आणि तसं त्याने फिरावं अशी अपेक्षाही नाही. विकणारा, घेणारा, बँक, सोसायटी आणि निबंधक कार्यालय ही पाच टोकं एका तारखेला एका टेबलावर आणणं हेच एजंटचं काम आहे. फ्लॅट दाखवणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

आता ग्राहक कुठून येतात. त्या काकांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी नंतर त्याच इमारतीतले भाड्याचे फ्लॅट माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली, कारण मी त्यांची फाइल काढली आणि नीट लावून परतही ठेवली. फ्लॅट घेणाऱ्या मुलीच्या बहिणीने माझ्याकडूनच घर घेतलं. माझ्याकडची निम्म्याहून जास्त कामं अशी येतात. पोर्टलवर लाखो माणसं आहेत, पण तिथला माणूस एकाच वेळी दहा एजंटना फोन लावतो आणि जो ब्रोकरेज सोडेल त्याच्याकडे जातो. पहिल्या वर्षी पॅकेज घेऊ नका. दुसऱ्या वर्षी, स्वतःकडे दाखवायला घरं असतील तर, विचार करा.

आणि घेणाऱ्याच्या मागे धावू नका, मालक धरा. घर ज्याच्याकडे, गिऱ्हाईक त्याच्याकडे आपोआप येतं. एखादा रस्ता किंवा दहा-बारा इमारती निवडा आणि त्या पाठ करा: कुठे पाणी कोणत्या वेळी येतं, कुठल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही, कुठे ओसी (इमारत वापरायचा पालिकेचा दाखला) नाही, कोणता फ्लॅट कुलूपबंद आहे आणि त्याचा मालक पुण्यात आहे की दुबईत. हे वॉचमन, इस्त्रीवाला, किराणावाला आणि सेक्रेटरी यांना माहीत असतं. त्यांच्याशी माणसासारखं वागा, काम झालं तर त्यांना विसरू नका.

सुरुवात भाड्यापासून करा. एका भाड्यात पैसे थोडे, पण फिरत राहतात. आमच्याकडे ब्रोकरेज म्हणून एक महिन्याचं भाडं घ्यायची रीत आहे. करार लिहून नोंदवणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि कितीतरी वयस्कर मालकांना ऑनलाइन करार, आधारचा थंब, पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं यातलं काही जमत नाही. ते तुम्ही घरी जाऊन करून द्या. अकरा महिन्यांनी नूतनीकरणाचा फोन त्यांच्या आधी तुम्ही करा. मालक परगावचा असेल तर गळती, मीटर, मेंटेनन्सची पावती हेही बघा. दोन-तीन वर्षांनी तो फ्लॅट विकायचा म्हणेल, तेव्हा दुसऱ्या कुणाला फोन करायचा विचारही त्याच्या मनात येणार नाही.

ब्रोकरेज किती आणि कधी, हे पहिलं घर दाखवण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून 'ओके' घ्या. तरीही काही पार्ट्या परस्पर भेटून सौदा करतील. त्याने रात्रीची झोप घालवू नका, पण त्यांना पुन्हा दारात उभं करू नका. टोकनची रक्कम कधीही स्वतःच्या खात्यात घेऊ नका. चेक थेट मालकाच्या नावाने.

नवीन प्रकल्प विकायचे असतील तर गोष्ट वेगळी. त्यासाठी महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) एजंट नोंदणी लागते, व्यक्तीसाठी फी 10,000 रुपये, मुदत पाच वर्षं. 2023 पासून त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणीशिवाय विकलंत तर दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. परीक्षा नुसतं पुनर्विक्रीचं काम करायचं असलं तरी द्या, अभ्यासाने फायदाच होईल. पण रेरा नंबर दिसला की डोळे मिटायचे नाहीत. आमच्या कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून 65 इमारतींनी रेरा नंबर मिळवले होते, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यांत कर्ज काढून राहायला आलेली कुटुंबं आहेत. पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगी खरी आहे का हे विचारायला एक अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस तुमच्या कामाचा भाग आहे, भाऊजी काहीही म्हणोत.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. मी सुरुवात केली तेव्हा नवऱ्याचा पगार घरात येत होता, त्यामुळे मला वाट बघता आली. तुमची परिस्थिती तशी नसेल तर आहे ती नोकरी लगेच सोडू नका. भाड्याचं काम संध्याकाळी आणि रविवारी होतं, कारण लोक घर बघायला तेव्हाच येतात. बिल्डरकडून मिळणारे पैसे बुकिंगनंतर लगेच येत नाहीत, घेणाऱ्याने ठरलेला हप्ता भरला, करार नोंदला, की मग कधीतरी येतात, तेही टीडीएस कापून. त्या पैशांच्या भरवशावर दुकानाचं डिपॉझिट भरू नका. पहिलं वर्ष दुकान लागतही नाही. एक दुचाकी, चांगला फोन आणि कागद ठेवायला एक पक्की फाइल एवढ्यात निभतं. वाचायला मात्र आजच बसा: एका जुन्या फ्लॅटची अख्खी फाइल कुणाकडून तरी मागून घ्या, बिल्डरच्या करारापासून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटपर्यंत (सभासदत्वाच्या दाखल्यापर्यंत), आणि प्रत्येक कागद तिथे का आहे हे कळेपर्यंत विचारत राहा.