कराओके फाइलमध्ये कीबोर्डवरून पटापट सूर कसे भरायचे?

तुमची अडचण अशी, की अल्ट्रास्टार या कराओके खेळाच्या फाइलमध्ये प्रत्येक नोट माउसने वर-खाली ओढावी लागते. मीही गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सवासाठी अशीच गाणी बसवतो. माउस सोडा, सरळ आकडे टाइप करा.

फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. एक ओळ अशी दिसते:

: २४ ४ ७ गण

(फाइलमध्ये अंक इंग्रजीच हवेत.) २४ म्हणजे सुरुवात, ४ म्हणजे लांबी, ७ म्हणजे सूर. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी एक पट्टी (इंग्रजीत C) म्हणजे ०. तिथे सा धरला तर रे २, ग ४, म ५, प ७, ध ९, नी ११. कोमल स्वर एकाने कमी, तीव्र म ६. मंद्र सप्तकासाठी १२ वजा करा, आकडा उणे आला तरी चालतो. गाणं काळी चारमधलं असेल तर प्रत्येक आकड्यात ८ मिळवा. पेटी शिकलेल्याला हे अर्ध्या तासात हातात बसतं, खरंच!

आधी सगळ्या सुरांना ० देऊन फक्त वेळ जुळवा, मग सूर भरा. दोन्ही एकदम करायला गेलात की ताल हमखास हुकतो.

आकडे नकोच असतील तर चाल आधी म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये लिहून बघा. एन दाबा, मग स्वराचं इंग्रजी अक्षर. वर-खालीचा बाण अर्धा सूर सरकवतो, कंट्रोलसकट दाबला की पूर्ण सप्तक.

सप्तक चुकलं तरी गुण जात नाहीत, पण कोमल-शुद्ध मात्र नीट ऐकून घ्या.